दारासिंग: आधी पैलवान की आधी नट?

ओसरी | शनिवार, रात्री १०.४२

परवा नणंद, तिचा सातवीतला मुलगा आणि तिचे सासरे आमच्याकडे राहायला होते. मुलगा टीव्हीवर अमेरिकन कुस्ती लावून बसला होता आणि सासरे शेजारी आरामखुर्चीत. दर दोन मिनिटांनी त्यांचं चालू, "नाटकं नुसती! ह्याला काय कुस्ती म्हणतात? कुस्ती करावी दारासिंगनं." पोरानं मान न वळवता विचारलं, "तो हनुमान झालेला? तो तर ॲक्टर होता ना?" आजोबांचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्या सातबाऱ्यावर कुणी दुसऱ्याचंच नाव चढवलंय.

मी चहा टाकायच्या निमित्तानं उठले, पण प्रश्न डोक्यातून जाईना. दोघांपैकी बरोबर कोण?

मूळ नाव दीदारसिंग रंधावा. जन्म १९ नोव्हेंबर १९२८, अमृतसर जिल्ह्यातलं धर्मूचक गाव, शेतकरी घर. लग्न पोरवयातच लावून दिलेलं. १९४७ च्या सुमारास तो सिंगापूरला गेला आणि ड्रम तयार करणाऱ्या कारखान्यात कामाला लागला. तिथे हरनामसिंग नावाच्या वस्तादानं त्याला हाताखाली घेतलं. सराव चालायचा ग्रेट वर्ल्ड स्टेडियममध्ये. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा तपशील. ग्रेट वर्ल्ड हे तालमीचं नाव नव्हे, ती होती करमणुकीची बाग. सिनेमा, नाच, खाण्याची दुकानं, आणि त्यातच तिकीट लावून कुस्त्या. आपल्याकडची जत्रा बारा महिने भरली तर कशी दिसेल, तशी. अंग पंजाबच्या मातीत घोटलेलं, पण धंदा शिकला तो दिव्यांच्या झोतात, तिकीट काढून आलेल्या माणसांसमोर.

क्वालालंपूरला तरलोकसिंगला हरवून तो मलायाचा अजिंक्यवीर झाला. १९५४ मध्ये टायगर जोगिंदरसिंगला हरवून रुस्तम-ए-हिंद. १९५९ मध्ये कलकत्त्यात जॉर्ज गॉर्डिएन्कोला हरवून राष्ट्रकुल विजेता. २९ मे १९६८ ला आपल्या मुंबईत लू थेझ या अमेरिकन मल्लाला हरवून जगज्जेता. निवृत्ती १९८३, दिल्लीत.

आता दुसरी वही. 'संगदिल'मध्ये बारीकशी भूमिका १९५२ साली, म्हणजे रुस्तम-ए-हिंद व्हायच्याही आधी. नायक म्हणून 'किंगकाँग' १९६२ मध्ये. म्हणजे १९६२ ते १९८३ अशी एकवीस वर्षं दोन्ही दुकानं एकाच वेळी उघडी होती. आपण "कुस्ती सोडून सिनेमात गेला" म्हणतो, पण त्यानं सोडलं कधी?

माझं मत सांगून टाकते. तो कुठून कुठे गेलाच नाही. सिंगापुरात जे करत होता तेच शेवटपर्यंत केलं, फक्त प्रेक्षक वाढत गेले. आता तुम्ही बोला.

शंकासुर | शनिवार, रात्री ११.१५

लेख आवडला. आता सवयीप्रमाणे मिठाचा खडा.

"पाचशे लढती, एकही हार नाही" हे वाक्य दारासिंगबद्दलच्या प्रत्येक लेखात असतं. ओसरीताईंनी ते गाळलं, त्याबद्दल आधी आभार. आकडा इतका गोल आला की मला खाज सुटते. हाडामांसाचा माणूस तीसेक वर्षं देशोदेशी लढतो आणि एकदाही पाठ टेकत नाही?

थेझचंही तसंच. माणूस थोर होता, वाद नाही. पण जन्म १९१६ चा. मुंबईत लढला तेव्हा वय ५२. एनडब्ल्यूए या अमेरिकन कुस्तीसंघटनेचा जागतिक पट्टा त्याच्याकडून जीन किनिस्कीनं जानेवारी १९६६ मध्येच काढून घेतला होता. तेव्हा "जगज्जेत्याला हरवून जगज्जेता" यातला पहिला जगज्जेता निवृत्त कलेक्टरसारखा, लोक अजून 'कलेक्टरसाहेब' म्हणतात इतकंच.

मॅटिनी_शो | शनिवार, रात्री ११.२१

निवृत्त कलेक्टर!! 😂 पण दारासिंग तेव्हा चाळिशीला टेकलेला, आणि दिवसा शूटिंग करून संध्याकाळी आखाड्यात. तेही मोजा की.

लाल_माती | रविवार, सकाळी ६.०५

पहाटेचा मेहनतीचा आवाज ऐकत लिहितोय. आमच्या घराच्या भिंतीला लागून तालीम हाय, त्यामुळं ह्या विषयावर गप बसणं जमायचं न्हाई.

कोल्हापुरात ह्याला एक शब्द हाय: नुरा. दोघांनी आधीच ठरवून लढायचं, लोकांना झुंजल्यासारखं दाखवायचं. राजकारण्यांनी तो शब्द पळवला, पर मूळचा आखाड्यातला. आमच्या थोरल्या चुलत्यांना दारासिंगचं नाव काढलं की ते एवढंच म्हणायचे, "अंग झकास. पर कुस्ती नुरा." विषय बंद.

मातीतली कुस्ती म्हंजे काय ते नव्या पोरांसाठी सांगतो. दोरखंड न्हाई, घंटा न्हाई. खडाखडी झाली, पट काढला, घिस्सा लावला, ढाक मारली, काय बी करा. समोरच्याची पाठ मातीला लागली की खेळ खलास. निकाली कुस्ती दोन मिनटात हुती, न्हाईतर दोन तास चालती. तिकीट काढून आलेल्या माणसाला हे परवडत न्हाई. त्याला अर्धा तास तरी मज्जा पायजे. म्हणून ते फ्रीस्टाईल. (ऑलिंपिकमधलं फ्रीस्टाईल निराळं, ते खरंखुरं. नाव सारखं असल्यानं लई घोळ हुतो.)

आन एक हिशोब मांडतो, रागानं न्हवं. १९५२ मध्ये आमच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कांस्यपदक आणलं. जायला पैसं न्हवतं, लोकांनी उभं केलं, त्यांच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे दिल्लीत बंतासिंगला पाडून पहिले हिंदकेसरी झाले. त्याच १९५२ मध्ये दारासिंग पडद्यावर आला आन १९५९ मध्ये राष्ट्रकुल विजेता झाला. देशात कुणालाबी इचारा, चौघातलं कुठलं नाव ठाऊक हाय?

शंकासुर | रविवार, सकाळी ८.३०

लाल_माती, शेवटच्या परिच्छेदाला दंडवत.

ट्रामवाला काका | रविवार, सकाळी ९.५०

मी त्या कुस्त्या पाहिल्यात. वरळीला, वल्लभभाई पटेल स्टेडियमवर. वय असेल नऊ-दहा. आम्ही गिरगावातल्या चाळीत राहायचो आणि धाकटा मामा गिरणीत होता. त्याचा पगार झाला की पुढच्या कुस्त्यांची तिकिटं काढायची हा त्याचा नेम.

सगळं आठवत नाही, पण एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. समोर कोणी परदेशी मल्ल होता, चेहऱ्यावर काळा मुखवटा. पंचाची पाठ वळली की तो दारासिंगच्या डोळ्यांत बोटं घालायचा. एवढं स्टेडियम किंचाळायचं, पंचाला मात्र काही दिसायचं नाही. माझ्या पुढच्या रांगेत धोतर-कोट-टोपीतले एक गृहस्थ होते, शाळामास्तर असावेत असं ध्यान. ते उठून उभे राहिले आणि पायातली वहाण काढून हातात घेतली. फेकली नाही. दहा मिनिटं नुसती हातात धरून उभे. शेवटी दारासिंगनं त्या मुखवटेवाल्याला खांद्यावर उचलून गरगर फिरवलं आणि आपटलं, तेव्हा मास्तर खाली बसले, वहाण पायात घातली आणि उपरण्यानं घाम पुसला.

येताना मामाला मी विचारलं, "पंचाला कसं दिसलं नाही?" तो म्हणाला, "त्याला न दिसण्याचे पैसे मिळतात." म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. तरी पुढच्या पगाराला परत तिकिटं काढलीच!

पोपटी | रविवार, सकाळी १०.०२

काका, वहाण हातात धरून दहा मिनिटं! हे वाचून दिवस सार्थकी.

थंडोबा | रविवार, सकाळी १०.४०
(इकडे कॅनडात, विनिपेगला मध्यरात्र)

या धंद्याच्या आतल्या गणिताबद्दल थोडं लिहितो, बरीच वर्षं याच विषयाचं वाचन आहे.

कोण जिंकणार हे आधी ठरतं. ठरवतो आयोजक. त्याला मल्लापेक्षा पुढच्या खेळाचं तिकीट महत्त्वाचं. म्हणून घरचा नायक घरच्या लोकांसमोर जिंकतो आणि पाहुणा खलनायक दुष्टपणा करून हरतो. काकांच्या मास्तरांची वहाण हे त्या आयोजकाचं खरं यश. मुंबई, कलकत्ता, सिंगापूर, टोकियो, टोरांटो, सगळीकडे हेच. त्यामुळे "कधीच हरला नाही" या वाक्याचा अर्थ "त्याला हरवणं कुठल्याच आयोजकाला परवडत नव्हतं" असा लावावा. मला तर हे अजिंक्य असण्यापेक्षाही अवघड वाटतं.

पण लाल_मातींच्या चुलत्यांशी एका बाबतीत असहमत. निकाल ठरलेला असतो, पडणं ठरवून सोपं होत नाही. सव्वाशे-दीडशे किलोचं धूड अंगावर पडतं ते खरंच पडतं. शिवाय त्या काळात एक पेच असायचा. समोरच्यानं ऐन वेळी ठरलेलं मोडलं आणि खरोखर लढायला लागला तर काय? म्हणून ज्याच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा त्याला खरी कुस्ती यावीच लागे. थेझ त्यासाठीच नावाजलेला होता, आणि त्यानं आत्मचरित्रात दारासिंगला अस्सल कुस्तीगीर म्हटलंय, शरीर उत्तम कमावलेला म्हटलंय, त्याच्याकडून हरण्यात आपल्याला काही वाटलं नाही असंही लिहिलंय. शंकासुर, ५२ व्या वर्षी का होईना, थेझ उगाच कुणासाठी पाठ टेकणारा नव्हता.

गॉर्डिएन्को आमच्या विनिपेगचा, म्हणून त्याच्याबद्दल दोन ओळी जास्त. तरुणपणी कम्युनिस्ट पक्षात होता, त्यापायी अमेरिकेचे दरवाजे बंद झाले. म्हणून तो जगभर फिरत लढत राहिला आणि असाच १९५९ मध्ये कलकत्त्याला पोचला. पुढे चित्रकार झाला, तोही नाव घेण्यासारखा. म्हणजे त्या दिवशी रिंगणात एक होऊ घातलेला नट आणि एक होऊ घातलेला चित्रकार होता.

ओसरी | रविवार, दुपारी १२.१०

थंडोबा, हे चित्रकार प्रकरण अजिबात ठाऊक नव्हतं. झोपा आता.

लाल_मातींच्या हिशोबावर विचार करतेय. मला वाटतं त्यात एक आकडा राहिला: १९४७. मातीतली कुस्ती राजेरजवाड्यांच्या जिवावर उभी होती. तुमचं खासबाग शाहू महाराजांनी बांधलं. गामा पैलवान पतियाळाच्या दरबारी. १९२८ मध्ये झिबिस्को नावाचा युरोपी मल्ल पतियाळाला आला, गामानं त्याला मिनिटाच्या आत चीत केलं. ठरवायला कुणी तिकीटवाला नव्हताच, खर्च सगळा महाराजांचा. संस्थानं गेली आणि पैलवानाच्या खुराकाचा प्रश्न उभा राहिला. दूध, तूप, बदाम कोण देणार? दारासिंग नेमका त्या सुमाराला बाहेर पडला. तो दरबाराऐवजी तिकीटखिडकीच्या आश्रयाला गेला. त्याला दुसरा रस्ता काय होता?

लाल_माती | रविवार, दुपारी १२.५५

ताई, हे मात्र कबूल. दरबार गेल्यावर साखर कारखान्यांनी आन मिलट्रीनं आमची काही पोरं सांभाळली. सगळी न्हाई.

सूत्रसंचालक | रविवार, दुपारी १.३०

किंगकाँग खरा किती किलोचा होता यावरून वैयक्तिक पातळीवर गेलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. कृपया वजनावरून वजन वापरू नये.

पोपटी | रविवार, दुपारी १.३४

मी तर एवढंच विचारलं होतं की किंगकाँग माणूस होता की माकड 🙈

ट्रामवाला काका | रविवार, दुपारी २.१५

पोपटी, माणूस. मूळचा हंगेरीकडचा, मुक्काम सिंगापूर, वजन दोनशे किलोंच्या घरात. दारासिंगचं एकशे तीसच्या आसपास, उंची सहा फूट दोन इंच. रांचीला दारासिंगनं त्याला डोक्यावर उचलून फिरवलं, किंगकाँग पंचाकडे बघून "हे नियमात नाही" म्हणून ओरडत राहिला आणि मग दारासिंगनं त्याला रिंगबाहेर फेकलं, अशी गोष्ट आमच्या चाळीत दर गणपतीत कुणी ना कुणी सांगायचं. सांगणाऱ्यांपैकी रांची कुणी पाहिलेली नव्हती. १९७० मध्ये मोटार अपघातात जबर जखमी होऊन किंगकाँग गेला. चाळीत आम्ही पोरांनी चक्क दुखवटा पाळला होता, पत्त्यांचा डाव एक दिवस बंद.

मॅटिनी_शो | रविवार, दुपारी ४.००

आता सिनेमावर या की. माझ्या नावाला जागतो.

दारासिंगचे सिनेमे म्हणजे दुय्यम माल, असं मोठे समीक्षक नाक मुरडून सांगायचे. पण ती एक अख्खी वेगळी परंपरा होती. होमी वाडियांचे, नादिया या नायिकेचे मारधाडपट आठवा. त्याच घराण्यातले बाबूभाई मिस्त्री. त्यांनी १९३७ च्या एका सिनेमात वस्तूंना काळा दोरा बांधून, मागे काळा पडदा सोडून, अदृश्य माणसाचे चमत्कार दाखवले. तेव्हापासून त्यांचं टोपणनावच 'काला धागा' पडलं. (आपल्या संस्थळावर ज्यांचे धागे उडतात त्यांनी हे नाव घ्यायला हरकत नाही.) याच बाबूभाईंनी १९६२ मध्ये 'किंगकाँग'मध्ये दारासिंगला नायक केला.

पुढची तीन-चार वर्षं नुसता धडाका. 'फौलाद', 'रुस्तम-ए-बगदाद', 'सॅमसन', 'हर्क्युलस', 'टारझन कम्स टू दिल्ली'. नावं वाचली तरी जगाचा नकाशा डोळ्यांसमोर येतो, आणि सगळं उभं राहायचं पुठ्ठ्यावर आणि प्लायवूडवर. बगदादचा राजवाडा नायकानं जरा जोरात खांदा मारला की हलताना दिसतो, लक्ष देऊन बघा. हलत नाही तो एकटा दारासिंग.

मला त्याचं अभिनयातलं शहाणपण इथे दिसतं. त्याला कळलं होतं की आपला चेहरा फार काही बोलत नाही आणि हिंदीत पंजाबी ठेचा आहे. मग त्यानं त्या दोन्हींवर भार टाकलाच नाही. तो थांबायचा. समोरचा खलनायक हातवारे करत बडबड करतोय आणि हा नुसता उभा, हात मोकळे सोडून. आखाड्यात सलामीला पैलवान उभा राहतो ना, तसा. प्रेक्षकाला माहीत असतं आता काय होणार आहे आणि तो तेवढा वेळ चवीनं वाट बघतो. काकांचे मास्तर वहाण घेऊन दहा मिनिटं उभे राहिले ते याचसाठी. रिंगणातली युक्ती त्यानं कॅमेऱ्यासमोर तशीच आणली.

मुमताजची गोष्ट सांगितल्याशिवाय हा प्रतिसाद संपणार नाही. मोठ्या नायिका पैलवानासोबत काम करायला तयार नव्हत्या. मुमताज तेव्हा बारीकसारीक कामं करणारी मुलगी. १९६३ च्या 'फौलाद'पासून दोघांची जोडी जमली ती सोळा सिनेमांपर्यंत गेली. त्यामुळे तिच्यावर 'स्टंटपटांची नायिका' हा शिक्का बसला आणि पहिल्या फळीचे नायक तिला टाळू लागले. १९६९ मध्ये राजेश खन्नाबरोबर 'दो रास्ते' आला तेव्हा तो शिक्का पुसला. दारासिंगचा भाऊ रंधावा, तोही पैलवान आणि नट, मुमताजच्या बहिणीचा नवरा. म्हणजे घरोबाही झाला.

गाण्यांचं तर काय बोलावं. 'लुटेरा'मधलं "नींद निगाहों की खो जाती है" ऐकताना कुणाच्या मनात दारासिंग येतो का? आणि 'सिकंदर-ए-आझम'. दारासिंग सिकंदर, पृथ्वीराज कपूर पोरस. "जहाँ डाल डाल पर सोने की चिड़िया" त्यातलं. पंधरा ऑगस्टला शाळेशाळेत लागतं आणि निम्म्या मास्तरांना ठाऊक नसतं की ते एका पैलवानाच्या सिनेमातलं आहे.

शंकासुर | रविवार, दुपारी ४.३५

हा प्रतिसाद वाचून मी माझी अर्धी शंका मागे घेतो. उरलेली अर्धी पाचशेच्या आकड्याला लागू.

ओसरी | रविवार, संध्याकाळी ५.१०

मॅटिनी, 'आनंद' विसरलात. ज्या सिनेमात आपले रमेश देव-सीमा देव आहेत तिथे दारासिंग आखाड्यातला पैलवान म्हणून येतो आणि राजेश खन्नाच्या एका शब्दावर मवाल्यांना पिटाळायला निघतो. पाच मिनिटांचं काम असेल, पण हृषीकेश मुखर्जींना त्याची ओळख करून द्यावी लागली नाही. पडद्यावर आला की लोकांना कळलं हा कोण. आदल्या वर्षी 'मेरा नाम जोकर'मध्ये सर्कशीतला सिंहांचा रिंगमास्टर. नायकपद गेल्यावर बहुतेक नट रुसून बसतात, हा माणूस मिळेल ते करत राहिला. 'मर्द'मध्ये अमिताभचा बाप, आणि २००७ मध्ये 'जब वी मेट'मध्ये करीनाचा आजोबा. मधल्या काळात पंजाबी सिनेमे दिग्दर्शित केले, मोहालीला दारा स्टुडिओ उभा केला. २००३ ते २००९ राज्यसभेत राष्ट्रपतीनियुक्त खासदार. यातलं काही मला फारसं बोलावंसं वाटत नाही, खासदारकीत तर नाहीच.

आजीचा_बटवा | रविवार, संध्याकाळी ६.२५

इतके प्रतिसाद झाले आणि रामायणाचं कुणीच नीट बोललं नाही, म्हणून मीच लिहिते.

१९८७ च्या जानेवारीत सुरू झालं, १९८८ च्या जुलैपर्यंत चाललं. आम्ही तेव्हा डोंबिवलीत. मजल्यावर दोनच टीव्ही, त्यातला एक आमचा. रविवारी साडेनऊच्या आत पोळ्या उरकायच्या, कारण नंतर घरात पाय ठेवायला जागा नसे. सासूबाई टीव्हीला आंघोळीनंतर हळदकुंकू वाहायच्या. एकदा कुंकू आत जाऊन पडदाच बिघडला आणि दुरुस्तीवाल्यानं "बाई, हे कसलं लाल?" म्हणून विचारलं होतं.

शूटिंग उंबरगावला व्हायचं, आपल्या डहाणूच्या पलीकडे. आमचे एक शेजारी मुद्दाम जाऊन बघून आले होते. येऊन सांगत होते, मारुतीच्या तोंडाचा साज लावायला काही तास लागतात आणि एकदा चढवला की जेवणखाण अवघड. दारासिंग तेव्हा साठीला आलेला! या वयात हनुमान केला तर लोक हसतील अशी त्याला आधी धास्ती होती, असं त्याच्या मुलानं, विंदूनं, पुढे सांगितलंय. विंदूनंही नंतर टीव्हीवर हनुमान केला, पण ते असो.

सासूबाईंनी १९७६ चा 'बजरंगबली' थिएटरात पाहिला होता, त्यातही मारुती दारासिंगच. त्या म्हणायच्या, "हा आधीपासूनच मारुती आहे, रामायणवाल्यांनी फक्त बोलावलं." २०२० च्या टाळेबंदीत ते परत लागलं तेव्हा सासूबाई नव्हत्या. मी एकटीनं पाहिलं. मुखवट्यामुळे अर्धा चेहरा झाकलेला, तरी रामापुढे गुडघा टेकताना तो ज्या तऱ्हेनं खाली बसतो ते बघा. एवढं मोठं शरीर, आणि बसताना कुठेही धपकन नाही.

थंडोबा | रविवार, संध्याकाळी ७.००

आजी, हे निरीक्षण कुठल्याही कुस्तीच्या पुस्तकात शोभेल. तोल सांभाळून खाली येणं हीच या धंद्याची पहिली शिकवणी.

अवांतर: टीव्हीवरच्या त्या अमेरिकन कुस्तीवाल्या डब्ल्यूडब्ल्यूईनं २०१८ मध्ये दारासिंगचं नाव आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. ओसरीताईंच्या भाच्याला सांगा, तो बघतो त्याच पंगतीतला हा.

पोपटी | रविवार, संध्याकाळी ७.२०

मग रॉक वगैरे मंडळी आत्ता जे करतात ते यानं १९६२ लाच करून ठेवलं होतं की!

शंकासुर | रविवार, संध्याकाळी ७.४५

फरक आहे पोपटी. रॉक सिनेमात गेला तसा आखाडा मागे पडत गेला, अधूनमधून येऊन आरोळी ठोकून जातो. दारासिंगला तसं करून चाललं नसतं. सिनेमात लोक यायचे कारण तो परवाच खरोखर कुणाला तरी आपटून आलाय हे त्यांना ठाऊक असायचं. आणि "खरोखर" हा शब्द मी वापरला, याची कृपया नोंद घ्यावी.

ट्रामवाला काका | रविवार, रात्री ८.३०

१२ जुलै २०१२ ला गेला. पाच दिवस आधी हृदयविकाराचा झटका आला होता. डॉक्टरांच्या हातात काही उरलं नाही तेव्हा घरच्यांनी इस्पितळातून घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरीच गेला. जुहूला अंत्यसंस्कार झाले. मामा तेव्हा होता, पंच्याहत्तरीचा. मी फोन केला तर म्हणाला, "कुणी हरवलं नाही त्याला." मी म्हटलं, "मामा, पंचाला न दिसण्याचे पैसे मिळायचे ना?" बराच वेळ तिकडून काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू फार आगाऊ झालायस."

लाल_माती | रविवार, रात्री ९.४०

सकाळी मी लिवलं की चुलत्यांनी 'नुरा' म्हणून विषय बंद केला. ते खरं, पर अर्धं. उरलेलं आज आईला फोन करून पक्कं केलं, मग लिहितोय.

आमच्या तालमीत रामायणाच्या वक्ताला एक छोटा काळा-पांढरा टीव्ही आणला हुता, गल्लीनं वर्गणी काढून. ठेवला कुठं, तर मारुतीच्या देवळीशेजारी, कारण प्लग तिथंच. रविवारी मेहनत झाली की पोरं लंगोटावरच बसायची, अंगाला माती तशीच. चुलते तिथले वस्ताद. ते टीव्हीकडं पाठ करून हौद्यातली माती वरखाली करायचे. दर रविवारी हेच. पोरं हसायची, पर तोंडावर न्हाई.

मग एक दिवस द्रोणागिरीचा भाग हुता. हनुमान डोंगर आणायला निघतो तवा. आई डबा घेऊन दारात उभी हुती, तिनं बघितलं. चुलत्यांनी खोरं भिंतीला टेकवलं, वळले, आन कमरेवर हात ठेवून बघत राह्यले. पोरं चिडीचूप. भाग संपला, जाहिराती लागल्या. मग एका पोराच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "त्याची मांडी बघितली का? बैठकांची हाय ती. सिनेमावाल्यांनी लावल्याली न्हाई. उठ, दोनशे मार."

कुस्तीबद्दलचं मत त्यांनी मरेपर्यंत बदललं न्हाई, हे बी सांगतो.

पोपटी | रविवार, रात्री ९.५८

तो टीव्ही आहे का अजून तालमीत?

लाल_माती | रविवार, रात्री १०.०४

टीव्ही कवाच गेला. प्लग हाय, पोरं त्याच्यावर मोबाईल चार्ज करत्यात. देवळीच्या कट्ट्यावर वायरी लोंबत असत्यात, आन सकाळी पुजारी आला की वराडतो.